कुलुपवाल्याच्या पुढची गल्ली

"आज तरी सांगून टाक," सुमेधाचा नवरा विनय म्हणाला. तो स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून, म्हणजे भिंतीतल्या कपाटातून, कॉफीचा मग काढत होता.

"काय सांगू?"

"की तू चीन बघितलेलाच नाहीस."

"हळू बोल. माइक चालू असेल."

"आठ वर्षं झाली, सुमे. आता कोण फाशी देणार आहे तुला?"

सुमेधाने लॅपटॉपकडे पाहिले. माइक बंद होता. विनय मग घेऊन वर त्याच्या खोलीत, त्याच्या मीटिंगला निघून गेला.

मार्च २०२१. आयर्लंडमधल्या लिमरिकमध्ये सकाळचे पावणेआठ वाजले होते, म्हणजे चीनमधल्या शिआनमध्ये दुपारचे पावणेचार. विद्यापीठाच्या वास्तुजतन विभागाचे विद्यार्थी दर वर्षी याच सुमाराला त्या जुन्या शहरात जात आणि आठवडाभर तट, वेशी, जुनी घरे मोजत. सुमेधा विभागाची कारकून. पासपोर्ट गोळा करणे, व्हिसाचे अर्ज, खोल्यांची वाटणी, कोण शाकाहारी आणि कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सगळे तिच्याकडे. २०१२ पासून आठ सहली तिने पाठवल्या. स्वतः एकदाही गेली नाही. आधी मुलगी लहान होती, मग सोबत जाणाऱ्या कर्मचाऱ्याची जागाच कधी निघाली नाही.

दुसऱ्या वर्षी तिथे रस्ता चुकलेल्या एका मुलाने ऑफिसात फोन केला. सुमेधाने नकाशा उघडला, आदल्या वर्षीच्या मुलांच्या वह्या पुढे ओढल्या आणि त्याला बोलत बोलत हॉस्टेलच्या दारापर्यंत पोचवले. "डावीकडे कुलुपवाला दिसेल. टपरीवर पितळी किल्ल्यांची माळ आहे. त्याच्या पुढची गल्ली." परत आल्यावर त्याने ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. प्रोफेसर केली कॉरिडॉरमध्ये थांबून हसत म्हणाले, "तो कुलुपवाला अजून आहे होय? तू पाहिलास ना?" आणि सुमेधा "हो" म्हणाली. का म्हणाली, हे तिला नंतर नीट सांगता आले नाही. पुढे दर वर्षी फोन येत गेले आणि ती रस्ते सांगत गेली. ते 'हो' तसेच राहिले.

२०२० मध्ये जागा निघाली. यादीत एकोणिसावे नाव तिचे होते. जानेवारीच्या शेवटी सहल रद्द झाल्याचे पत्र तिलाच लिहावे लागले. मुलांनी हळहळ कळवली. तिचे कोणाला वाईट वाटले नाही. ती कधीतरी स्वतःच्या सुट्टीत जाऊन आलेली आहे, असेच सगळे धरून चालले होते.

कोरोनामुळे यंदाची सहल पडद्यावरच होती. बरोबर आठला तास सुरू झाला. पडद्यावर अठरा चौकोन, केलींचा एकोणिसावा आणि लिनचा फोन. लिन शिआनच्या विद्यापीठातली नवी कर्मचारी. जुन्या वाटाड्याने वर्षभर पर्यटक नाहीत म्हणून धंदा सोडला होता. लिन दुसऱ्या प्रांतातून आलेली, तिला शहराची फारशी माहिती नव्हती, आणि ती हे पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी झाली.

"काळजी करू नकोस," केली तिला म्हणाले. "आमची सुमेधा आहे. तिला तिथली वीट न् वीट पाठ आहे."

यंदाचे काम त्या कुलुपवाल्याच्या पुढच्या गल्लीचे होते. आधीच्या आठ गटांनी मोजलेली सात घरे आज कशी आहेत, याची नोंद करायची.

"दक्षिण वेशीतून आत या," सुमेधा सांगू लागली. "आता तटाच्या कडेकडेनं उजवीकडे. शाळेचं निळं फाटक आलं?"

"आलं," लिन म्हणाली.

"ग्रँड. तसंच पुढे. आता डावीकडे कुलुपवाला."

फोन डावीकडे वळला. पत्र्याचे उंच कुंपण होते.

"कुलुपवाला नाही," लिन म्हणाली. तिने फोन फटीला लावला. पलीकडे गाड्या उभ्या होत्या. ताजे डांबर, पांढरे पट्टे. "गल्ली पण नाही. पार्किंग आहे."

मग स्वानंदीने हात वर केला. ही पुण्याची मुलगी, सप्टेंबरमध्ये आलेली. विभागाचा नोंदीचा तक्ता तिच्याकडे होता.

"सुमेधाताई," ती मराठीत सुरू झाली, मग सगळ्यांसाठी इंग्रजीत म्हणाली, "वास्तू पडलेली असेल तर शेवटचा रकाना भरावा लागतो. प्रत्यक्ष शेवटी कोणी पाहिली आणि कधी. तुमचंच नाव टाकते. साल कोणतं घालू?"

"२०१९ घाल," केली म्हणाले. "हो ना, सुमेधा?"

खोटे बोलायला एवढी सोपी जागा तिला पुन्हा मिळाली नसती. पण तो तक्ता दोन्ही विद्यापीठांच्या संग्रहात जाणार होता. पुढे कोणी त्या घरांबद्दल काही शोधले असते, तर साक्ष तिची निघाली असती.

"माझं नाव घालू नका," ती म्हणाली. "मी शिआनला कधीच गेलेले नाही."

"पण तो कुलुपवाला..." केली म्हणाले.

"तो मला मुलांनी सांगितलेला. वह्यांमध्ये आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं होतं. ते चुकलं माझं." मग ती नेहमीच्या ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "२०१९ च्या गटात कॉनर होता. तो शेवटच्या दिवशी तिथं होता, तारखेसकट सांगेल. स्वानंदी, त्याचा ईमेल तुला पाठवते."

"चालेल, ताई," स्वानंदी म्हणाली. केलींनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. कोणीतरी खोकले.

मग लिन म्हणाली, "मॅडम, मुलांचं काम तर संपलं. तास संपायला अजून वेळ आहे. तुम्हाला काय बघायचंय?"

सुमेधाला घंटाघर माहीत होते, ढोलघर माहीत होते, पर्सिमॉन नावाच्या फळाच्या वड्या कुठल्या कोपऱ्यावर तळतात तेही माहीत होते. त्यातले एकही नाव तिच्या तोंडी आले नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "आहात तिथंच थोडा वेळ उभ्या राहा. फोन नुसता समोर धरा."

लिनने फोन समोर धरला. साधा रस्ता होता. एक बाई दोरीवरची जाड रजई काढत होती. रजई तिला एकटीला झेपत नव्हती. ती टोक धरून मागे मागे जात राहिली, मग रजई खांद्यावर टाकून एका दारात शिरली. दोरी हलत राहिली. सायकलवरून कोणी गेले. त्यामागे तटाची राखाडी भिंत होती आणि तिच्यावर चारनंतरचे ऊन.

आठ-दहा चौकोन बंद झाले. बाकीचे का थांबले, हे सुमेधाने विचारले नाही.

तास नऊला संपला. तिने कॉल नऊ वाजून चार मिनिटांनी बंद केला.