मेलं म्हणायचं नाही

धक्क्यावर शिडं तपासणाऱ्या मुकादमाने ‘मेलं’ म्हटलं की शीड मेलं. मग त्याचे तुकडे होतात, कुणाच्या सरपणावर, कुणाच्या सायकलीवर झाकण म्हणून जातात. म्हाताऱ्या मावशीच्या होडीचं शीड उलगडलं तेव्हा हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. खालच्या काठाला हिरवं शेवाळ, घडीघडीत बुरशीचे काळे ठिपके. तिच्या लेकाने ते समुद्राच्या पाण्यात खळबळून, तसंच ओलं घडी करून ठेवलं होतं. कापडात मीठ राहिलं, आणि मीठ महिनोन्महिने ओल पीत बसलं.

“अजून धुतलं नाही मी,” मावशी म्हणाली. “उद्या ये. तोवर तोंड मीट.”

मुकादम तिच्या डोळ्यांदेखत चड्डीतून पँटमध्ये आलेला. त्याने तोंड मिटलं.

लेकाला मनातून बरंच वाटलं. शीड गेलं की होडी वाळूवर, आई घरात, जिवाला घोर नाही. तो म्हणाला, बास झालं आता, नातवंडं सांभाळ. ती म्हणाली, तुला सांभाळलं, त्याचं फळ हे समोर पसरलंय.

अंगणात तिने आधी कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडली, तोंडाला फडकं बांधून. मग कोमट पाणी आणि साबण. सून मायेने ब्लीचची बाटली घेऊन आली. मावशीने ती पायरीवरच ठेवायला लावली. यानं डाग जाईल, म्हणाली, आणि डागाचा हात धरून शिवणही जाईल. तू व्हिनेगर आण, आणि नळाचं गोडं पाणी. सून नुसती आणून देऊन थांबली नाही. तीही शेजारी गुडघे टेकून घासायला बसली. ब्रशच्या तालावर मावशी गुणगुणायला लागली:

शेवाळा रे शेवाळा, सोड शिडाची माझ्या बाही,
तुला उतरवीन हाताने, मी उतरायची नाही.

शेवाळ उतरलं. बुरशीही गेली. पण घडीच्या रेघांवर करडे डाग राहिलेच. शीड सावलीत, वाऱ्यावर वाळलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर, होडीशेजारी पसरलेल्या शिडापाशी मुकादम आला. लेकही आला, हाताची घडी घालून.

“मावशी, डाग आहेत गं.”

तिने आपले हात त्याच्यापुढे धरले. मनगटापासून बोटांपर्यंत वयाचे तपकिरी ठिपके. “हे पण आहेत. म्हण मेलं.”

सगळ्यात काळपट डागावर मुकादमाने दोन्ही अंगठे टेकवले आणि जोर लावला. कुजलेलं कापड अशा वेळी कागदासारखं फाटतं. मुकादमाची नखं पांढरी पडली. कापड फाटलं नाही.

मेलेल्या शिडाला धक्क्यावर शब्द आहे, जित्याला नाही. मुकादम नुसता बाजूला होतो, वाट सोडतो.

तो बाजूला झाला.

मावशी शीड घेऊन होडीत चढली. लेक अजून तसाच उभा.

“बघतोस काय मेल्या,” ती म्हणाली, “दोर सोड.”