चुंबकाला नवं नाणं चालत नाही

सरकारनं नाणं बदललं. कुठेतरी मोठ्या लोकांनी चहा पीत ठरवलं असणार, तांबं-निकेल महाग पडतं, आता लोखंडावर पातळ मुलामा चढवू. आकार तोच, छाप तीच, चकाकी तर जास्तच. फक्त माझ्या आत्याला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आत्याचं कपडे धुवायचं दुकान. चार मशीन, प्रत्येकाला नाण्याची पेटी. पेटीत चुंबक, कारण पूर्वी लोक लोखंडाचे तुकडे घुसवायचे. आता तो इमानदार प्राणी सरकारी नाणंच पकडून बसायला लागला. गिऱ्हाईक नाणं टाकणार, मशीन ढिम्म. मग लाथा मशीनला आणि शिव्या मला. शाळा सोडल्यापासून माझं हेच करिअर.

त्यात समोर नवीन लॉन्ड्री उघडली. तिथे मोबाईल दाखवला की ड्रम फिरतो. आमची गिऱ्हाइकं गाठोडी घेऊन रस्ता ओलांडायला लागली.

"असंच चाललं तर शटर पाडावं लागेल," आत्या म्हणाली. "नवीन पेट्या घेण्याची ऐपत नाही आपली."

"मग चुंबक काढून टाक ना!"

"अक्कल पाजळू नकोस," म्हणाली, आणि दुपारी स्वतःच चारही चुंबक काढले. आयडिया तिचीच, अर्थात.

मशीनं धडधडायला लागली. आठवडाभर आत्या गुणगुणत होती. मग पेट्या उघडल्या. अर्धी नाणी, अर्धे वायसर. नटबोल्टला लावतात ते, मधे भोक असलेले. आत्या वायसर वेगळे करायला बसली.

माझं डोकं सटकलं. मशीनांच्या मागे दबा धरून बसले आणि चोर पकडलाच. शेजारचे हार्डवेअरवाले काका! ज्यांच्या दुकानात पाटी आहे, "सुटे पैसे मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही."

"चुकून गेलं गं बाळा. खिशात सगळं एकत्रच असतं."

"आठवडाभर चुकताय?"

मी झाकण उघडलं आणि साबणात भिजलेल्या पँटी उपसून त्यांच्या हातात दिल्या. पितळ उघडं पडलं म्हणतात, इथे लोखंड पडलं होतं.

"ओरडतेस काय?" काका फेसाने निथळत म्हणाले. "सरकारचंही लोखंडच ना? माझ्या लोखंडात निदान भोक आहे. फसवणूक आरपार दिसते."

मला वाटलं, आत्या आता त्यांना धुऊन वाळत घालणार. पण ती वायसर बोटात फिरवत बसली.

"काका, हे पितळेचे मिळतात?"

"मिळतात. पण महाग पडतात."

"चुंबकाला चिकटतात?"

"पितळ कसं चिकटेल, ताई?"

"मग याच मापाचे पिशवीभर पाठवा. पैसे तुमच्या आठवडाभराच्या धुण्यात फिटले."

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. फुकटात बघायला मिळालं, तेवढाच माझा पगार.

चुंबक परत बसले. आता नाणं माझ्या हातात द्यायचं, मी पितळी वायसर देणार, मशीन तोच खाणार. लोखंडी टाकला की अडकला. पितळी बाहेरून विकत आणावा, तर धुण्यापेक्षा वायसरच महाग.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर रांग. दोन गाठोडी समोरच्या लॉन्ड्रीतून परतलेली. तिथलं मोबाईलचं यंत्र म्हणे बंद पडलेलं. आणि सगळ्यात पुढे काका, त्याच अर्धवट धुतलेल्या पँटी घेऊन. त्यांनी चकचकीत नवं नाणं पुढे केलं. मी ते गल्ल्यावर ठेवलेल्या एका जादा चुंबकाला लावलं. टक्कन चिकटलं.

"लोखंड आहे," मी म्हणाले. "म्हणजे खरं."