रंभाच्या नावाची कुंडी

"पाणी घालू नकोस, आई. आधी बोट घाल मातीत. बोटाला ओल लागली तर तांब्या घेऊन मागं फिर. आणि खरं सांगू? विसरूनच जा त्यांना. विसरलेलंच मानवतं त्यांना."

वृंदाचा हा आवाज अनसूयाबाईंच्या कानात रोज पूजा आटोपता आटोपता उठायचा. आणि रोज त्या तांब्या घेऊन खिडकीपाशी जायच्याच.

पेणच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या जागेत अंगण कुठलं? देवाच्या अभिषेकाचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये, ते झाडालाच घालावं, ही लहानपणापासूनची शिस्त. तुळस एकच. तिला किती घालणार? मग उरलेलं पाणी वृंदाच्या कुंड्यांना. सोमवारी त्यात दूधही असायचं. वृंदा गेल्यानंतर तेरावा झाला, त्या दिवशी अनसूयाबाईंनी देवापुढे हात जोडून मनाशी नेम धरला होता, की माझ्या लेकीच्या झाडांना पाणी घातल्याशिवाय माझ्या घशाखाली पाण्याचा थेंब जाणार नाही.

नेम त्यांना नवे नव्हते. गुरुवार होते, चतुर्थ्या होत्या, चातुर्मासात एखादी आवडती भाजी सोडणं होतं. पण हा नेम त्यांनी देवासाठी धरला नव्हता. त्यांना आता कुणाला तहानलेलं बघवत नव्हतं.

वृंदा रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. लग्न केलं नाही. भाड्याच्या खोलीची पूर्वेची खिडकी तिने त्या जाड पानांच्या झाडांनी भरून टाकली होती. काही गुलाबासारखी, पाकळी पाकळी उमललेली. काही वाघासारख्या पट्ट्यांची. एक तर नुसत्या मण्यांची माळ. ती त्यांना सक्युलंट म्हणायची. अनसूयाबाईंच्या तोंडात तो शब्द कधी बसला नाही. त्या आपल्या म्हणायच्या, "तुझी ती फुगीर मंडळी."

मग वृंदाच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. डायलिसिस सुरू झालं. अनसूयाबाई लेकीजवळ राहायला गेल्या आणि डॉक्टरांनी त्यांच्या हातात पाण्याच्या नाड्या दिल्या. दिवसभरात मोजकंच पाणी. चहा, आमटी, औषधाचा घोट, सगळं त्यातच. मे महिन्यातलं रोहं, पत्रा तापलेला, आणि पाण्याची किल्ली आईच्या हातात.

"नगरपालिकेचं पाणी तरी दिवसाआड येतं," वृंदा हसून म्हणायची. "तू तर पाणीखात्यातली सगळ्यात खडूस मुकादम आहेस बघ."

"बर्फाचा खडा देऊ?"

"दे. आणि तोंड फिरव. तू बघत असलीस की चघळता येत नाही."

शेवटच्या संध्याकाळी तिने एक घोट मागितला होता. त्या दिवसाचं पाणी संपलं होतं. अनसूयाबाई म्हणाल्या, "आता सकाळी देते हं, राणी." सकाळ झाली तेव्हा वृंदा नव्हती.

नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता. सगळ्यांनी सांगितलं, तुम्ही फार केलंत हो, कुणी करणार नाही इतकं केलंत. अनसूयाबाई मान हलवायच्या. त्या एका घोटाचं कुणाला काय सांगणार?

कुंड्या पेणला आल्या आणि पावसाळाही लागला. हवा दमट, सरींमुळे खिडकी मिटलेली, आणि रोज तांब्या. आधी झाडं कशी टचटचीत दिसली! अनसूयाबाईंना वाटलं, बघा, बिचारी किती तहानली होती. मग पानं शिजवलेल्या कोहळ्यासारखी पारदर्शक झाली आणि हात लागताच गळू लागली. पानं गळतात म्हणजे पाणी कमी पडतंय, असं समजून त्या दोन्ही वेळ घालू लागल्या. मण्यांची माळ आषाढात गेली. पट्ट्यांची मंडळी श्रावणात. गौरी-गणपती झाले तेव्हा खिडकीत एकच कुंडी राहिली होती. तिच्या काठाला देवाजवळचा लाल दोरा बांधलेला होता.

तो वृंदानेच बांधला होता. ती कुंडी रंभाची.

रंभा खाडीकडच्या गावातली, मिठागरात काम करणारी. कासू स्टेशनवरून गाडीने रोह्याला यायची. डायलिसिसला तिची खाट वृंदाच्या शेजारी. दोघींची गट्टी अशी जमली, की नर्स म्हणायची, इथे तुम्ही उपचाराला येता की गप्पांना?

वृंदाने एकदा ती गुलाबासारख्या झाडाची कुंडी तिथे तिला दाखवायला नेली होती. रंभाने पानाला बोट लावून बघितलं.

"ह्या तर आपल्याच जातीचा दिसतंय गो," ती म्हणाली. "पानी नको, काय नको. नुसता बसवून ठेवायचा."

"आणि कुणी फार लाड केले की मरतं," वृंदा म्हणाली.

"मग माज्या घरात जगंल. माजं लाड करायला कोन बसलंय?"

दोघी इतक्या हसल्या, की नर्सने येऊन दटावलं. "पिल्लू आलं की तुला देते," म्हणून वृंदाने शब्द दिला. पिल्लाची वाट बघायला पुढे वेळ उरला नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी ती आईला म्हणाली, "आख्खी कुंडीच दे तिला. देशील ना?"

"देईन गं."

दिली नव्हती. आधी सुतक, मग पाऊस, मग सण. खरं म्हणजे त्या खाटेकडे पुन्हा बघायची छाती होत नव्हती. आणि ती कुंडी गेली तर नेम कशावर पाळायचा?

आश्विनातली ती सकाळ. पूजा झाली होती. अनसूयाबाई तांब्या उचलत होत्या, एवढ्यात दार वाजलं. त्यांचे यजमान दामोदरपंत पेपर खाली ठेवून उठले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण दार उघडताना अजून "कोण रे?" असं वर्गात विचारल्यासारखं विचारायचे.

"मी काळुराम, गुरुजी. रंभाचा मालक."

तो उंबऱ्याशीच उभा राहिला. अनसूयाबाईंनी तांब्या ठेवला, त्याला बसायला सांगितलं आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. त्याने एका दमात ते रिकामं केलं. मग ओशाळला.

"घरात लपून प्यावा लागतं, मावशी. ती बगत आसली का घशाखाली जात नाय."

अनसूयाबाईंनी भांडं परत भरून दिलं.

"रंभा कशी आहे?"

"जात नाय आता रोव्याला. दोन खेपा चुकवल्या. पाय सुजलंय, धाप लागतंय. मी बोललो, अगो चल, तिच्या सासूनं हात जोडलं, आयकत नाय. बोलते, बाजूच्या खाटेवर कोनतरी नवा मानूस झोपतंय, मला बगवत नाय. आता नाय जायाचा." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते भिंतीकडे फिरवले. "मी बाजारात आलेलो. बोललो, गुरुजींकडं जाऊन येतो. रोज इचारते, वृंदानं झाड देते बोललेली, ता आला का?"

अनसूयाबाईंची नजर खिडकीतल्या कुंडीकडे गेली.

"तिला वाटतंय, तुमी इसरलाव."

"विसरले नाही हो," अनसूयाबाई इतक्या हळू म्हणाल्या, की दामोदरपंतांनाच ऐकू गेलं असावं. मग त्या सावरल्या. "तिला सांगा, आज आणते मी. आजच. आणि सांगा, मी तिला बरोबर घेऊन रोह्याला जाणार आहे. खाटेजवळ मी बसेन म्हणावं."

काळुरामने वाकून नमस्कार केला आणि गेला. जिन्यावर त्याची पावलं जड वाजत राहिली.

अनसूयाबाई खिडकीकडे वळल्या. तांब्या उचलला. मग काय झालं कुणास ठाऊक, पण त्यांनी तो परत खाली ठेवला आणि वृंदाने सांगितल्याप्रमाणे आज पहिल्यांदा मातीत बोट घातलं.

बोट चिखलात गेलं. आंबूस वास आला. वरून गुलाब अजून गुलाबच दिसत होता. त्याला सावरायला म्हणून त्यांनी हात लावला, तर तो अख्खा त्यांच्या ओंजळीत आला. खाली देठ काळा, बुळबुळीत. मुळं नव्हतीच. कधीचं मेलेलं होतं ते, आणि त्या रोज त्याला पाणी पाजत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या.

दामोदरपंत येऊन उभे राहिले. त्यांनी ओंजळीत बघितलं आणि चष्मा काढला.

"तुम्हाला कळत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तेवढा वेळच तू रडायची नाहीस," ते म्हणाले. "तांब्या हातात असायचा तेवढा वेळ."

अनसूयाबाई खाली बसल्या. पाण्यावाचून लेक गेली आणि पाण्याने तिची झाडं. दोन्ही वेळा हात त्यांचाच. देवापुढचं निरांजन शांतपणे जळत होतं, आणि त्यांना त्याच्याकडे बघावंसं वाटेना. इतक्या वर्षांचे उपास, इतके नेम, आणि कधी काय द्यायचं नि कधी काय आवरायचं एवढं साधं देवाने शिकवलं नाही. किंवा लेकीच्या तोंडून शिकवलं होतं, आणि त्यांनीच ऐकलं नाही.

"आज आणते म्हणून सांगितलं मी त्याला," त्या म्हणाल्या.

"बाजारातून एखादं घेऊ तसलंच. मिळतात हल्ली."

"वृंदाचं नको का?"

दामोदरपंतांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

मेलेला गुलाब केरात टाकवेना. खोलीत खिडकीखाली एक खोकं तसंच पडलं होतं, रोह्याहून कुंड्या आल्या तेव्हाचं. कुंड्यांना धक्का लागू नये म्हणून त्यात वृंदाची पिवळी ओढणी अंथरली होती, आणि त्या ओढणीमुळेच ते खोकं टाकायचं कुणाच्या हातून झालं नव्हतं. निदान त्या ओढणीवर गुलाब ठेवावा म्हणून अनसूयाबाई वाकल्या.

ओढणीवर काहीतरी होतं.

एक पान. प्रवासात गळून पडलेलं, सुकून सुरकुतलेलं, म्हाताऱ्या माणसाच्या कानाच्या पाळीसारखं. आणि त्याच्या टोकाशी हरभऱ्याएवढा गुलाब. पाकळ्या नीट मोजता येतील असा. गुलाबी केसासारखी मुळं ओढणीच्या विणीत शिरली होती. माती नाही, पाणी नाही, कुणाची नजर नाही. उघड्या खोक्यात तिरपा उजेड यायचा, तेवढाच.

दामोदरपंत पुटपुटले, "पानफुटीसारखं आलंय."

अनसूयाबाईंना आनंद झाला नाही. जे त्यांच्या हातून सुटलं, तेवढंच जगलं होतं. ही गोष्ट त्यांनी ओंजळीतल्या मेलेल्या गुलाबासकट बराच वेळ धरून ठेवली. तिची बोच कमी झाली नाही.

पान उचलायला गेल्या तर मुळं ओढली जाऊ लागली. धाग्यांत ती अशी गुंतली होती, की सोडवताना तुटली असती. ओढणीला अजून वृंदाच्या तेलाचा वास होता. पावसाळ्यात किती वेळा वाटलं होतं, ती काढून उशाशी घ्यावी. धीर झाला नव्हता. आता त्यांनी कात्री आणली. पदराने डोळे पुसले, कारण पाण्याचा थेंबसुद्धा खाली पडता कामा नये. आणि पानाभोवतीचा ओढणीचा तुकडा गोल कापून घेतला. कापडाचा तो कर्र आवाज दामोदरपंतांना ऐकवला नाही. ते दुसऱ्या खोलीत गेले.

तुकडा त्यांनी पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. कुंडीच्या काठाचा लाल दोरा सोडवून त्याला बांधला. झाकण लावलं नाही.

देवाचं पाणी अजून तांब्यात तसंच होतं. ते त्यांनी सगळं तुळशीला घातलं, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. मग लुगडं बदललं, हात जोडून देवाला नमस्कार केला. काही मागितलं नाही. मागायची सवय मोडल्यासारखं झालं होतं.

रंभा ऐकेल? पाय सुजलेली, धाप लागलेली ती बाई हरभऱ्याएवढ्या झाडाकडे बघून उठेल आणि रोह्याच्या गाडीत बसेल? अनसूयाबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांना दिसत होती ती एक अंधारी खोली, मिठाच्या वासाची, आणि एक बाई त्यांच्याकडे बघून म्हणतेय, पानी दे गो आई. तेव्हा काय करायचं, हे त्यांना अजून माहीत नव्हतं.

"मी येऊ का?" दामोदरपंतांनी विचारलं.

"नको. संध्याकाळी दिवा लावा."

"अगं, पाणी तरी पिऊन जा. सकाळपासून घोट नाही तुझ्या पोटात."

नेमाची झाडं आता उरली नव्हती. अनसूयाबाईंनी भांड्याकडे बघितलं. घशाला कोरड होती, आणि ती कोरड त्यांना आज कुठल्याही तीर्थापेक्षा जवळची वाटली.

"आल्यावर घेते," त्या म्हणाल्या.

पेढ्याचं खोकं पदराआड धरून त्यांनी चपला घातल्या. जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही. दोन्ही हात खोक्याला होते. रस्त्यावर ऊन होतं. नळावर बायका हंडे भरत होत्या. कुणीतरी विचारलं, कुठे निघालात वहिनी, आणि अनसूयाबाईंनी नुसती मान हलवली. पावलं न वाजवता त्या कासूच्या गाडीसाठी स्टेशनच्या वाटेला लागल्या.