जब्बारभाईचं जांभळं पाणी

साहेब, जब्बार पिंजाऱ्याला तुम्ही उपाशी मारता आहात. हत्यार मी.

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन पत्रांत मी ‘कृपावंत’, ‘मेहेरबान’ असं सगळं लिहून पाहिलं. उत्तर नाही. आता शाई वाया घालवत नाही.

या चैत्रात सरकारी डॉक्टर म्हणून तुमच्या सहीचं पत्रक आमच्या वाशीमला आलं: मधुमेहाची शेवटची पायरी कशी ओळखावी. ते पडलं माझ्या हाती. मी पुंजाजी, मराठी चौथी पास, स्टेशनाजवळच्या औषधाच्या दुकानात बाटल्या धुता धुता त्यांच्यावरची इंग्रजी नावं वाचायला शिकलेला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

पत्रकात होतं: रोग्याच्या लघवीत लोखंडाच्या पिवळ्या अर्काचे थेंब टाका. रंग पोर्ट वाईनसारखा झाला तर अंगात आंबट विष चढलं, धान्य बंद करा, दिवस थोडे.

पोर्ट वाईन! आमच्याकडे मोहाची मिळते, ती पाण्यासारखी. तुमच्या टेबलावरची कोणी पाहिली? मी कोणाला तरी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर पुंजाजीला काही माहीत नाही हे गावाला कळलं असतं. म्हणून मी मनाशीच ठरवलं, जांभळासारखा रंग असेल.

जब्बारभाई कापूस पिंजून गाद्या भरतो. धुनकीची तार दिवसभर ठोकून त्याचे खांदे धरले होते. दोन महिने मीच त्याला अंगदुखीवरच्या, सॅलिसिलेटच्या पांढऱ्या पुड्या देत होतो. दुखणं उतरलं. एकच तक्रार करायचा, “पुंजाजी, धुनकी खुंटीले टांगली तरी कानात वाजूनच राह्यली!”

“कामाचा माणूस आहेस तू,” मी म्हणालो. पुड्या जास्त झाल्या की कान वाजतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक?

वैशाखात तो म्हणाला, तहान लय लागते. वैशाखात अख्ख्या वाशीमला तहान लागते. पण माझ्या खिशात पत्रक होतं. लघवीची बाटली मागवली, थेंब टाकले. जांभूळ! साहेब, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक रोग ओळखला होता.

“छापील हाय काय?” जब्बारभाईनं विचारलं.

“हे बघ. छापील खोटं नसते, जब्बारभाई.”

त्यानं मुकाट्यानं भाकर सोडली. ताक आणि पालेभाजी, बस. बापाची धुनकी शेलूबाजारच्या पुतण्याला, रऊफला, देऊन टाकली. “मेल्यावर तार गंजाले नको,” म्हणे.

आठ दिवसांनी माझंच डोकं दुखलं. त्यातल्याच दोन पुड्या खाल्ल्या. सहज आपलंही पाणी पाहिलं. जांभूळ!

मी आडवा झालो. मग उठून शेजारच्या उकंडरावाकडे गेलो. विहिरीच्या दोरावरून मी अकरा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हतो. माफी मागितली. तो म्हणाला, “कायचा दोर? मले तर वाटे तुले ऐकू येत नाही.” मरताना मला त्याचाही राग आला.

तिथून परतलो तर दारात अमीनाबी, जब्बारभाईची बायको, बकरीला घेऊन उभी.

“तुमीबी मरून राह्यले म्हने?”

“हो, भाभी.”

“दोघंबी एकच पुडी खाता. या बकरीले द्या तेच.”

“बकरीला?”

“काहून? तिले मरायची मनाई हाय काय?”

गुळात कालवून पुडी बकरीला चारली. दुसऱ्या दिवशी सकाळी दावं सोडताच अमीनाबीनं खाली वाटी धरली. मी थेंब टाकले. जांभूळ.

“घ्या,” ती म्हणाली. “आता बकरीचीबी भाकर बंद करा.”

मग कुठं मी दुकानातलं जाडं इंग्रजी पुस्तक उघडलं. एकेक शब्द कोशात शोधत चार दिवस घातले. पुडी पोटात जाते, दुखणं शमवते. पण शरीर तिला तशीच ठेवून घेत नाही. यकृत-मूत्रपिंडात तिला एक तुकडा जोडला जातो, तिचा नवा पदार्थ होतो, आणि तो पाण्यावाटे बाहेर पडतो. त्यालाही लोखंड लागलं की जांभळा रंग येतो. म्हणजे मी जब्बारभाईच्या बाटलीत माझंच औषध पाहत होतो, आणि त्याला त्याचं मरण म्हणत होतो.

पुस्तकात पुढची ओळही होती: आधी लघवी उकळा. रोगाचं आंबट विष उकळल्यावर उडून जातं, मग रंग येत नाही. औषधाचा रंग उकळूनही येतो. मी उकळून पाहिलं. तिघांचाही रंग आला. माझा, जब्बारभाईचा, बकरीचा.

ही ओळ तुमच्या पत्रकात नाही.

पुस्तक काखेत मारून धावत गेलो. जब्बारभाई खाटेवर. हातांची वाळून कांबटं झालेली. सगळं ऐकून घेतलं त्यानं.

“पुस्तक इंग्रजी हाय. मले काय समजते? कागदावर सायबाची सही हाय, तुह्या पुस्तकावर हाय काय?”

“अरे, मी चुकलो!”

“तू तं चुकशीनच. पन छापील खोटं नसते, हे तूच सांगे ना? सायबाले म्हन, लिहून द्या. भाकर खातो.”

अमीनाबी रोज ताटात भाकर वाढते आणि रोज उचलून बकरीला घालते. बकरी तेवढी सुधारली आहे. जब्बारभाईला आज उठून बसायला दोन माणसं लागली.

माझी अक्कल किती ते वाशीमला कळलं, आणखी छी-थू व्हायची असेल ती होऊ द्या. पण ती ओळ तुम्हाला माहीत होती. मी चौथी पास, तुम्ही विलायतेचे. ती का गाळली? कागद पुरला नाही? की आमच्यासाठी अर्धं ज्ञान पुष्कळ झालं?

सोबत परतीचं तिकीट लावलेलं कार्ड आहे. पत्ताही मीच घातला आहे. त्यावर मराठीत एवढंच लिहा, ‘पत्रक अपुरं होतं, जब्बारने भाकर खावी,’ आणि खाली सही करा.

करता की नाही? उलट टपाली सांगा.