आठवा खिसा

"बुधवारच्या खिशात काही नाही म्हणजे नाही! आणि गुरुवारच्या खिशाला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे!"

आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची, त्यामुळे शेजारची भांडणं मला फुकटात ऐकू येतात. भांडण म्हणायचं आपलं, बोलणारी एकटी तीच. नवऱ्याला तंबाखूपुरते पैसे हवे होते. त्याने एकदा भिंतीवरच्या खिशांकडे बघितलं, चपला पायात सरकवल्या आणि खाणीची वाट धरली. तो बोलत नाही म्हणून अख्खं गाव त्याला घुम्या म्हणतं. ती शाळेची पायरी न चढता सगळ्या गल्लीला शिकवते म्हणून ती मास्तरीण.

मी शिंपीण. ते खिसे माझ्याच मशीनवर शिवलेले. जाड कापडाची एक पट्टी, तिच्यावर वारांप्रमाणे सात खिसे आणि खाली एक मोठा. आमच्या गावात माती वीतभर, खाली सगळा काळा खडक. कापणी उरकली की बाप्ये टेकडीवरच्या खाणीत दगड फोडायला जातात आणि शुक्रवारी मजुरी घेऊन उतरतात. इतरांच्या घरी ती सोमवारपर्यंत उडते, मग उसनवारी आणि शिव्या. मास्तरीण मात्र शुक्रवारी दार लावून बसायची, सात वाटे करायची आणि एकेका खिशात एकेक टाकायची. तेल संपलं तर संपलं, उद्याच्या खिशात हात घालायचा नाही. दिवसाअखेर काही उरलं, मग एक नाणं का असेना, ते खालच्या आठव्या खिशात.

तो आठवा खिसा छपराच्या नव्या पत्र्यांसाठी होता. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने दोन पत्रे उडवून नेले, तेव्हा पोरीला पोटाशी धरून ती उजाडेपर्यंत भिजत बसली होती. ते काही तिच्या डोक्यातून जात नव्हतं. पण आठवा खिसा मोजायचा नाही, हा तिचा नियम. "मोजले की पैशाला पाय फुटतात," म्हणायची. नुसती बाहेरून चाचपायची.

आणि तो खिसा फुगायला लागला. असा फुगला की मला त्याची शिवण उसवून दुहेरी घालावी लागली.

"एवढं उरतं कसं गं तुझं?" नळावर बायका विचारायच्या.

"जीभ आणि हात आवरले की उरतं," मास्तरीण म्हणायची आणि हंडा असा ठसक्यात उचलायची की बघत राहावं.

मग काय, माझ्याकडे रांग लागली. ज्या त्या घराला आठ खिसे हवेत. कोपऱ्यावरच्या घरातली नवी नवरी, लग्नाला अजून वर्ष नाही, तिने तर लाल कापड निवडलं. "काकू, आठवा जरा मोठाच शिवा हं," म्हणाली आणि स्वतःच लाजली.

त्याच सुमाराला घुम्याची पँट माझ्याकडे दुरुस्तीला आली. दोन्ही गुडघ्यांची जाळी झाली होती. खाणीवरच्या माणसाची पँट कुठे फाटते ते मला पाठ आहे. मांडीवर फाटते, कारण दगड तिथे टेकवून उचलतात. मागे फाटते, कारण दगडावरच बसतात. गुडघ्यावर फाटत नाही, कारण खाणीत कुणी रांगत नाही. मी ठिगळं लावून दिली. पंधरवड्यात ती ठिगळंही झिजून परत आली. मग आणखी दोन घरांतल्या पँटी आल्या, तशाच. मग नवरीच्या नवऱ्याची आली. मशीनचं चाक फिरवता फिरवता माझा हात थांबला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

माझा भाऊ खाणीवर ट्रॅक्टर चालवतो. तो जेवायला आला तेव्हा मी विचारलं.

"ताई, तुला माहीतच नाही?" तो म्हणाला. "सुरुंगाचे बार लावतात ना, त्यातला एखादा फसतो. तेव्हा वाजतच नाही, पण मागाहून कधीही उडतो. पूर्वी फसला की दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. आता मुकादमाला दम निघत नाही. जो लगेच रांगत जाऊन वात बघेल त्याला हातावर रोख पैसे. पहिला घुम्या गेला. आता तर पाळ्या लावल्यात."

"अरे, पण जिवावर उदार झालेत का सगळे?"

"घरी बायको रोज विचारते, घुम्याच्या घरी उरतं, आपल्याच घरी का नाही? काय सांगतील बिचारे?"

मी त्याला तसाच ताटावर सोडला आणि शेजारी गेले. मास्तरणीने ऐकलं आणि हसलीच. मग हसू विरलं. तिने खिळ्यावरची पट्टी काढली आणि आठवा खिसा चटईवर पालथा केला. तिने टाकलेली नाणी एका ओंजळीत मावली असती. बाकी सगळ्या घडी घातलेल्या नोटा होत्या. घड्यांत दगडाची भुकटी होती. तिने त्या खिशात एकही नोट कधी टाकली नव्हती.

संध्याकाळी घुम्या उतरला तेव्हा नोटा तशाच पसरलेल्या होत्या.

"ह्या कुणी घातल्या?"

तो चपला काढायला वाकला.

"बोला. आज तरी बोला हो."

तो उंबऱ्यावर टेकला. "तू पाण्याला गेलीस की टाकायचो," म्हणाला. त्याने पालथ्या खिशाकडे बघितलं. "तो खिसा चाचपताना तू हसायचीस."

मास्तरणीने नोटा त्याच्यापुढे सारल्या. "पत्रे नकोत मला. भिजू आपण. पुन्हा रांगत जायचं नाही."

त्याने मान हलवली.

"मान नको. तोंडाने सांगा."

"नाही जाणार."

दुसऱ्या दिवशी नळावर तिने जे केलं ते मला जमलं नसतं. एवढ्या तोऱ्याची बाई, सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं कधीच काही उरलं नव्हतं. तो पैसा सुरुंगातला होता. तुमचाही तिथलाच आहे. आठवा खिसा उसवून टाका आणि नवऱ्यांना अडवा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकजण बोलली, "आमचं जरा उरायला लागलं तर हिच्या पोटात दुखायला लागलं."

"आमचे हे म्हणाले मजुरी वाढलीय," नवी नवरी म्हणाली. "ते माझ्याशी खोटं कशाला बोलतील?"

त्या शुक्रवारी एक बार फसला. पाळी घुम्याची होती, तो गेला नाही. नवरीचा नवरा गेला. आणि धडधाकट परत आला, वाईट झालं ते तिथेच. आता चोरून ठेवायचंही कारण उरलं नाही. त्याने चौकात नोटा दाखवल्या, नवरी मला हसून म्हणाली, "बघा काकू, उगाच घाबरवत होतात." तिन्हीसांजेला तिघीजणी आठ खिसे शिवून घ्यायला आल्या. मी म्हटलं, दोरा संपलाय. त्या शेजारच्या गावातून शिवून घेऊन आल्या.

मुकादमाने पुढच्या खेपेला कुठूनशी स्वस्तातली, ओल लागलेली वात आणली. "फसली तरी आता जाणारे आहेत," असं तो म्हणाल्याचं भाऊ सांगत होता. सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मग पुढचा शुक्रवार आला. वारा पडला होता, धूळ जागच्या जागी लोंबत होती, शेतातला खडक तापून अंगावर वाफ येत होती. नवरी सकाळीच सांगून गेली होती, आज पाळी आमच्याकडे आहे. खाणीचा पहारेकरी जितके बार, तितक्या शिट्ट्या आधी मारतो. दुपारी आठ शिट्ट्या झाल्या. मी मशीन थांबवलं. मास्तरीण माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. कोपऱ्यावर नवरी दारात आली, तिच्यामागे भिंतीवरची लाल पट्टी दिसत होती.

बार वाजायला लागले. नवरी बोटांवर मोजत होती. सातवा वाजला. आम्ही थांबलो. टेकडीवरची धूळ खाली बसली, पाखरं परत झाडावर आली, तरी काही नाही.

नवरीने आपल्या बोटांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"काकू, माझं मोजायचं चुकलं का हो?"

मास्तरीण धावत गेली आणि तिचा हात घट्ट धरला. "नाही गं पोरी," ती म्हणाली. "नाही चुकलं."

गल्लीतल्या सगळ्या दारांत बायका उभ्या होत्या. एवढा वेळ आम्ही तो आठवा वाजायची वाट बघत होतो. आता तो वाजू नये, एवढंच मागत होतो.