झटके थांबले आणि पोरही

नातीला आम्ही तोफ म्हणतो. तिनं तोंड उघडलं की शेजारी खिडक्या लावून घेतात. जेवताना मला चमचा फेकून मारल्याशिवाय तिला घास उतरत नाही. त्यात ते मेले फिटचे झटके. औषधं बदलून बदलून दमलो.

मग डॉक्टरीणबाईंनी नवं तेल लिहून दिलं. गांजाच्या झाडातलं! मी कपाळाला हात लावला.

"आई, यात नशा नसते. कॅनाबिडिऑल म्हणतात," सून म्हणाली.

म्हणोत बापडे. रोज जेवण झालं की ती पिचकारीनं पोरीच्या गालात तेल सोडायची आणि मी डोळे वटारून बघायची.

झटके थांबले. खरंच थांबले. पण तोफही थांबली. पाटावर बसवलं की मान कलंडायची, घास तोंडात तसाच. मी मुद्दाम हातात चमचा दिला. तिनं तो हळूच खाली ठेवला, पाहुण्यासारखा.

"किती शहाणी झालीय!" मुलगा म्हणाला.

"शहाणी? पोर आहे की गाठोडं?"

"झटके नाहीत ना? अजून काय हवंय तुला?"

"चमचा हवाय. डोक्यात."

नवराबायको एकमेकांकडे बघून हसली. म्हातारी चळली, दुसरं काय!

सकाळी पोरीला कडेवर घेतलं नि दवाखाना गाठला. सून मागून धावत.

"तुमचं तेल बंद करा," मी उभ्याउभ्याच सुनावलं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, म्हणून मला जास्तच चीड आली. पोरीला तपासून त्यांनी सुनेला विचारलं, "झटक्यांची जुनी गोळी चालू आहे ना? तेलामुळे ती अंगात साचते, म्हणून ही गुंगी. फार झोपली तर कळवा म्हटलं होतं मी."

"आम्हाला वाटलं, गुण आला," सून पुटपुटली.

"तेल राहू दे, गोळी हळूहळू उतरवू. आणि आजी, परस्पर काही बंद करायचं नाही हं. झटके उसळतील."

घ्या, मलाच दम! मी धरला तो चोर चुकीचा असेल, पण चोरी झाली होती ना?

गोळी उतरत गेली. मध्ये एक झटका आला, सून रडली, मी तिच्यावर ओरडले आणि मग तिच्याजवळच बसून राहिले.

काल जेवताना जरा मान वळवली, तर खणकन चमचा कपाळावर! टेंगूळ आलंय.

"आई, वळण लाव गं हिला," मुलगा म्हणतो.

मेल्या, चमचा उचल आणि दे तिच्या हातात परत.