गुरुजींच्या मोज्यातली दहा नखं

शेषेराव गुरुजी भर मे महिन्यात मोजे घालायचे. लातूरचं ऊन म्हणजे पत्र्यावर पापड भाजून निघावा असं. गुरुजी मात्र घरात, गच्चीवर, देवासमोरसुद्धा करड्या लोकरी मोज्यांत. सून पुनमला वाटायचं, म्हातारपणामुळं पायाला थंडी वाजत असेल. मुलगा आदिनाथनं मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि आणखी दोन जोड आणून दिले.

खरं कारण एवढंच होतं की गुरुजींच्या पायाची नखं आठ महिने कापलेली नव्हती.

दुसऱ्या कुणाचं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण या माणसानं उमरी तालुक्यातल्या शाळेत चौतीस वर्षं दर सोमवारी नखं तपासली होती. पोरं रांगेत, हात पालथे, गुरुजींच्या हातात फूटपट्टी. खेड्यातल्या पोरांकडं नेलकटर कुठलं? प्रार्थना चालू असतानाच निम्मी रांग नखं कुरतडायची आणि निम्मी शाळेच्या भिंतीला घासायची. घासून घासून भिंत तीन फुटांच्या उंचीवर चहूकडून गुळगुळीत झाली. एकदा एक इंजिनिअर आले, भिंतीवरून हात फिरवला आणि 'ओल धरली आहे' असा शेरा मारून गेले.

गेल्या आठ महिन्यांपासून गुरुजींचे गुडघे वाकत नव्हते. वाकलेच तर पोट मधे यायचं, पोट आवरलं तर चष्मा पडायचा. बायको सिंधुबाई होती तोवर हे काम तिचं होतं. रविवारी गुरुजींची आंघोळ झाली की अंगणात बसायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची आणि अर्ध्या ब्लेडनं नखं काढायची. "भिजल्यावर नख मऊ असतंय, तवाच काढावं. आन् सरळ काढावं. कोपरं कोरली की मांसात घुसतंय." नखं घरात पडली की भांडणं होतात, म्हणून एकेक तुकडा कागदात गोळा करायची आणि गोळा करता करता भांडायची. तिला जाऊन चार वर्षं झाली; गुडघे वाकत होते तोवर गुरुजींनी स्वतःच कशीबशी काढली. भांडणंही थांबली, आणि ते थांबणं गुरुजींना अजून सहन होत नव्हतं.

सुनेला कसं सांगावं? दिवाळीत ती पाया पडायची, ते वेगळं. पाय मांडीवर घेऊन नखं काढायला सांगणं वेगळं.

अशात शुक्रवारी बबलूचा फोन आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता उमरीत ट्रॅक्टरचं दुकान.

"गुरुजी, रविवारी आपल्या दहावीच्या ब्याचचा स्नेहमेळावा हाय. गाडी पाठवून राहिलो. तुमचं पाद्यपूजन ठेवलंय."

"पाद्यपूजन कामून रे? हार घाला की."

"हार जुना झाला, गुरुजी. भोकरवाल्यांनी मास्तरचे पाय दुधानं धुतले. आपण मागं ऱ्हावं का?"

म्हणजे परवा सगळ्या ब्याचसमोर मोजे निघणार होते.

शनिवारी गुरुजींनी धीर केला. "पुनम, नेलकटर हाय का गं घरात?"

"आज शनिवार, बाबा. शनिवारी नखं काढत नसतात. लग्न होऊन आले तवा तुम्हीच सांगितलंत."

सांगितलं होतं खरं. मग गुरुजी चौकातल्या पार्लरच्या पायऱ्या चढले. तिथं पायाची नखं काढतात असं ऐकलं होतं. दारावर पाटी: 'फक्त महिलांसाठी.' आतल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, कुणाला न्यायला आलात?"

"कुणालाच न्हाई," म्हणून गुरुजी दोन रुपयांची शिकेकाई शाम्पूची पुडी घेऊन घरी आले.

रविवारी शाळेच्या मैदानात मंडप. अडतीस विद्यार्थी, त्यांतल्या निम्म्यांची डोकी गुरुजींपेक्षा मोकळी. गुरुजींना खुर्चीवर बसवलं, तोंडासमोर माईक लावला, पायाखाली परात ठेवली. पाय धुवायचा मान अंबिकाला. वर्गातली हुशार पोरगी, आता नांदेडच्या दवाखान्यात सिस्टर. तिनं मोज्याला हात घातला आणि गुरुजींनी पाय वर ओढले.

"अंबिका, मोज्यावरूनच घाल पाणी."

"मोज्यावरून, गुरुजी?"

"भावना महत्त्वाची."

"मोज्यावर कुंकू कसं लावू?"

गुरुजी खाली झुकले आणि कुजबुजले, "माझी नखं वाढलीत गं, बाई."

माईक चालू होता. हे वाक्य दोन्ही कर्ण्यांतून मंडपात, तिथून रस्त्यावर आणि तिथून एसटी स्टँडपर्यंत गेलं. मंडपातल्या सगळ्यांनी मोज्यांकडं बघितलं. स्टँडवरच्यांनी आपापल्या पायांकडं बघितलं असावं.

आता लपवायचं काय? गुरुजींनी स्वतःच मोजे ओढून काढले. अंगठ्याचं नख पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं. गुरुजी मान खाली घालून बसले, पट्टीची वाट बघत असल्यासारखे.

अंबिकानं नखं बघितली. तिनं दवाखान्यात यापेक्षा वाईट बघितली होती. "बबल्या, पाणी गरम करून आण. थंडात भिजत न्हाईत ही."

पाय गरम पाण्यात पडले. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. कार्यक्रमपत्रिकेत याला जागा नव्हती, मग लोक बोलायला लागले.

"गुरुजी, तुम्ही इचारलं हुतं, नखं कशासाठी असतात," बबलू म्हणाला.

"बोटाच्या शेंड्याचं रक्षण."

"म्या म्हणलं, उवा मारायला. दोन पट्ट्या बसल्या."

"दुसऱ्या दिवशी अर्धा गुण दिला की रे. त्या दिवशी घरी गेलो तर आमची ही शेजारच्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तेच करू लागली होती." गुरुजी हसले. चार वर्षांत पहिल्यांदाच ते, नाव न घेता, सिंधुबाईची गोष्ट सांगत होते.

अंबिकानं पर्समधून मोठं नेलकटर काढलं, तर बबलू आडवा आला. मान एकटीलाच कशाला? नखं दहा, विद्यार्थी अडतीस. चिठ्ठ्या टाकल्या. अंगठा मिळाला त्याचे फोटो निघाले. एका पायाची करंगळी मिळालेला विद्यार्थी, निलंग्याचा जावई, एवढंच मिळालं म्हणून रुसून मठ्ठा प्यायला गेला, म्हणून ते नख तेवढं राहिलं.

"आण इकडं," अंबिका म्हणाली.

गुरुजींनी पाय मागं घेतला. "ऱ्हाऊ दे ते. सगळीच काढली तर मला परत कामून बोलवाल तुम्ही?"

अंबिकानं त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला, चष्मा नीट केला आणि सरळ, कोपरं न कोरता, कट्ट केलं.

"परत वाढतंय की, गुरुजी," ती म्हणाली. "नखच हाय ते."